लिंबू धरणारा हात

एका गावात एक वस्ताद होता आणि त्याच्या पोटात एक दुखणं होतं. तो सगळ्यांना सांगायचा की माझा खांदा दुखतो. खांदाही दुखत होता, खोटं कशाला बोला! पण खांद्याचं दुखणं वैद्याला दाखवता येतं. पोटातलं दाखवायचं कुणाला?

गावाचं नाव आंबेरी आणि वस्तादाचं नाव सुभानजी. आंबेरीची तालीम आसपासच्या मुलखात नावाजलेली. कुस्तीची नव्हे बरं का, हत्यारांची. तिथे लाठी शिकवत, भाला शिकवत, आणि सगळ्यांत मानाचा म्हणजे दांडपट्टा. माणसाच्या छातीला येईल असं लांब, लवचिक पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. पट्टा फिरू लागला की वारा कापल्याचा आवाज येई आणि बघणारे आपोआप मागे सरकत. सुभानजीने हा पट्टा उभी हयात फिरवला. 'दगड हलेल, पण सुभानजी वस्तादाचा हात हलायचा नाही,' असं लोक म्हणत. ते ऐकताना वस्ताद मिशीला पीळ देई. हेच त्याचं खाणं आणि हेच पिणं.

पुढे खांदा गेला. हात वर उचलला की कळ थेट मानेत जाई. वतनाचा कारभार देशमुखीणबाई पाहत होत्या. बाई मोजकं बोलायच्या, पण बोलल्या की बोलल्या. त्यांनी सुभानजीला गढीवर बोलावून घेतलं.

"सुभानजी, पोरं नुसती माती उकरतायत. पट्टा शिकवणारा नेमा."

"नेमतो, बाईसाहेब. पण आपल्या तोलाचा मिळायला हवा ना!"

"शोधा म्हणजे मिळेल. दसऱ्यापर्यंत तालमीला शिकवणारा नसेल, तर हत्यारं गढीत जमा करा आणि दाराला कुलूप लावा. आणि निवड तुमचीच. मी मध्ये पडणार नाही."

तालमीला कुलूप! वस्ताद तडक गढी उतरला. त्याने दवंडी पिटवली.

आता आंबेरीत शिकवणारा नेमायची रीत काय, ते ऐका. वस्तादाने उघड्या तळहातावर लिंबू धरायचं. आलेल्या माणसाने पट्ट्याने ते चिरायचं. लिंबाच्या दोन फाका व्हायच्या आणि तळहातावर ओरखडाही उठता कामा नये. रक्त दिसलं की त्या माणसाने आल्या वाटेने परत जायचं. इतकं झालं तरी नेमणूक पक्की होत नसे. ती पक्की व्हायची दसऱ्याला, देवीच्या पटांगणात. तिथे पुन्हा लिंबू चिरायचं, पण या वेळी वस्तादाच्या हातावर नाही, तर वस्तादाच्या घरातल्या पोराच्या हातावर. ज्याच्या ताब्यात गावाची पोरं द्यायची, त्याच्या पात्याखाली आधी आपलं पोर उभं करून दाखवा, असा जुन्या लोकांचा हिशेब. सुभानजीच्या घरात पोर एकच होतं, त्याची नात सगुणा. आजोबांचा फेटा डोक्यावर घालून अंगणभर काठी फिरवायची ती.

दवंडी ऐकून पहिला आला तुळाजी. घाटावरचा शिडशिडीत गडी, बोलायला लाजाळू. पण त्याने हातात पट्टा चढवला मात्र, आणि तालमीतली सगळी कुजबुज थांबली. काय तो हात! पातं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दिसेना. हलगीवाला वाजवायचं विसरला. पोरं तर अशी बघत होती की तोंडात माशी गेली असती तरी कळलं नसतं. मग एकदम आरोळी उठली, "वाहवा! वाहवा रे पठ्ठ्या!"

सुभानजीही 'वाहवा' म्हणायला गेला, पण शब्द घशातच अडकला. माझ्या वेळी एवढी आरोळी उठली होती का? त्याने आठवून पाहिलं. उठली असेल. पण एवढी? बाजूला दोन म्हातारे बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "असा हात आंबेरीनं अजून बघितला नव्हता." झालं! सुभानजीने त्या म्हाताऱ्याकडे रोखून पाहिलं. अजून बघितला नव्हता? अरे मेल्या, मग मी इतकी वर्षं काय इथे झाडू मारत होतो?

हे तो मनात म्हणाला. वरवर हसला आणि तळहातावर लिंबू धरून उभा राहिला.

तुळाजीने मारुतीला हात जोडले, वस्तादाच्या पायाला हात लावला आणि पवित्रा घेतला. पातं फिरलं. ते खाली येतंय, अगदी नेमक्या जागी येतंय, हे सुभानजीला पुरतं कळलं. आणि त्याने हात हलवला.

किती हलवला म्हणाल? जवाच्या दाण्याएवढा. कुणाला दिसायचं कारण नव्हतं. लिंबू चिरलं, आणि तळहातातून रक्ताची धार लागली.

"अरे अरे!" लोक हळहळले. तुळाजी पांढराफटक पडला. तो आपल्याच हाताकडे असा बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. "वस्ताद, असं कधी झालं नव्हतं," एवढंच तो पुटपुटला. सुभानजीने मोठ्या मनाने दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. "होतं असं. गर्दी बघून हात बिचकतो. तू अजून कच्चा आहेस बाबा."

संशय यायचा कुणाला? स्वतःचा हात स्वतः कापून घेणारा माणूस कुणी पाहिलाय! तुळाजी खाली मान घालून गेला. जाताना त्याने पट्टा खांद्यावर टाकला नाही, काखेत दडवून नेला.

घरी बायजाक्काने, म्हणजे वस्तादाच्या बायकोने, जखमेवर हळद दाबली. लिंबाचा रस जखमेत उतरलेला, चांगलाच झोंबत असणार. पण नवऱ्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "अहो, हात कापलाय तुमचा आणि तोंड असं खुललंय की जसं काही घरात कार्य आहे."

"तालमीची अब्रू वाचली म्हणून," सुभानजी म्हणाला.

"कुणापासून?"

त्याने भाकरी मागितली.

त्यानंतर आणखी कोण कोण आले. जो बरा निघाला त्याचा काटा असाच निघाला. सुभानजीचा तळहात जखमांनी भरून गेला. गावाला त्याची दया येऊ लागली. "काय हो हा माणूस! तालमीसाठी रक्त सांडतोय," असं बायका पाणवठ्यावर बोलत. हे कानावर आलं की वस्ताद मनातल्या मनात खूश होई. दुखणारा हात, वर कौतुक! आणखी काय हवं?

आणि मग हैबती आला.

हैबती सुभानजीचाच शिष्य. चड्डी सांभाळता येत नव्हती तेव्हा या मातीत आला होता. पट्टा कसा धरायचा, नजर कुठे ठेवायची, श्वास कधी सोडायचा, सगळं त्याला सुभानजीने शिकवलं. पुढे तो लांबच्या एका संस्थानात चाकरीला गेला आणि तिथे नाव काढलं. तालमीवर वेळ आली आहे असं त्याच्या कानावर गेलं, तेव्हा ती चांगली चाकरी सोडून तो धावत आला. दारात शिरताच त्याने वस्तादाच्या पायावर डोकं ठेवलं.

"वस्ताद, तुम्ही बोलावलं नाहीत, तरी आलो. रागावू नका."

सुभानजीचे डोळे भरून आले. खरंच आले, त्यात खोट नव्हती. त्याने हैबतीला उराशी धरलं. तो क्षण तसाच टिकता तर पुढची गोष्ट सांगावीच लागली नसती. पण हैबतीने पट्टा चढवला.

सुभानजी बघत राहिला. हे त्याचेच पवित्रे होते, त्याचीच पावलं. पण त्यात हैबतीचं स्वतःचं काहीतरी मिसळलं होतं आणि ते मूळ हातापेक्षा सरस होतं. परक्याचं कौतुक काट्यासारखं बोचतं. आपण शिकवलेल्याने आपल्याच अंगणात आपल्यावर मात केली की तो काटा कुठे रुततो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! त्यात कुणीतरी ओरडलं, "शिष्य वस्तादाच्या पुढे गेला रे!" आणि सगळी तालीम हसली. प्रेमानेच हसली हो. पण सुभानजीच्या अंगाचा तिळपापड झाला. अन्न माझं, माती माझी, विद्या माझी, आणि वाहवा याची? उद्या हा इथे शिकवायला लागला तर मला कोण विचारणार? 'हैबती वस्तादांचा म्हातारा गुरू' म्हणून मला ओट्यावर बसवून ठेवतील आणि सणासुदीला नारळ देतील!

त्याने तळहात पुढे केला. लिंबू ठेवलं. पातं फिरलं, खाली आलं, आणि सुभानजीने हात हलवला.

पण या वेळी रक्त आलं नाही. हैबतीने पातं वरच्या वर वळवलं. ते लिंबाला न शिवता हवेत निघून गेलं. लिंबू तसंच्या तसं तळहातावर राहिलं.

गुरू-शिष्यांची नजरानजर झाली. हैबतीने लहानपणी याच तळहातावरची लिंबं चिरून सराव केला होता. तो हात कधीच हलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तो आज हलला, हेही त्यानेच पाहिलं. का हलला, तेही त्याला कळलं. त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

"काय झालं रे?" लोक विचारू लागले.

हैबतीने मूठ काढून ठेवली. "मला नाही जमायचं," तो म्हणाला. वस्तादाला नमस्कार केला आणि फेटा सावरत निघून गेला.

"भ्याला! भ्याला!" पोरं ओरडली. सुभानजीला वाटलं होतं की आता आनंद होईल. झाला नाही. त्याने लिंबू मुठीत इतकं आवळलं की बोटांमधून रस गळला. पण एक शब्द बोलला नाही, की 'अरे, भ्याला तो नव्हे.' बोलायला तोंड होतं, धीर नव्हता.

दसरा जवळ येत चालला. कुलपाची भीती डोक्यावर होतीच. तेवढ्यात मानकोजी उगवला. पोट सुटलेलं, मिशा झोकात, जीभ तेल लावल्यासारखी. आल्या आल्या म्हणाला, "वस्ताद, तुमच्यापुढे पट्टा धरायचा म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं! मी आपला तुमच्या पायाशी बसून शिकेन आणि पोरांना शिकवेन."

सुभानजीच्या जिवाला एवढा गारवा कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. मानकोजीने पट्टा फिरवला तो असा, की जवळच्या खांबाचा टवका उडाला. कुणी वाहवा म्हटलं नाही. सुभानजीला पोटात अगदी हलकं वाटलं. त्याने लिंबू धरलं. पातं वेडंवाकडं खाली आलं, आणि वस्तादाने हात हलवला. या वेळी लिंबू पात्याखाली नेऊन ठेवायला! इतकी वर्षं कमावलेली नजर आणि तो हात एका अडाण्याला तारून न्यायला कामी आला. लिंबाच्या दोन फाका झाल्या, हातावर ओरखडा नाही.

"वा! याला म्हणतात हात!" सुभानजीनेच पहिली टाळी वाजवली.

मानकोजी नेमला गेला. पोरं पट्टा शिकू लागली. शिकली काय, तर "आपल्या वस्तादांसारखा या मुलखात कुणी नाही" हे वाक्य. रोज सकाळी मानकोजी ते सगळ्यांकडून म्हणवून घेई. सुभानजी ओट्यावर बसून ऐके आणि डोळे मिटे. शिकवता शिकवता मानकोजीलाही वाटू लागलं की आपला हात खरोखरच अचूक आहे. का वाटू नये? भर तालमीत त्याने लिंबू चिरलं होतं, सगळ्या गावाने पाहिलं होतं.

दसऱ्याची रीत सुभानजी विसरला होता का? नाही. फक्त तिच्याकडे बघत नव्हता. दसरा अजून आहे, तोवर मानकोजीचा हात सुधारेल, असं तो स्वतःला सांगे. रीत सगुणा मात्र विसरली नव्हती. ती रोज तळहातावर लिंबू घेऊन अंगणात उभी राही आणि आजीला विचारी, "हलला का गं माझा हात? आबांसारखा राहतो ना?"

दसरा उजाडला. देवीच्या पटांगणात सगळा गाव लोटला. देशमुखीणबाई ओट्यावर बसल्या. हलगी कडाडू लागली. सगुणा नवं परकर-पोलकं घालून, तळहातावर लिंबू घेऊन मधोमध उभी राहिली. तिने आजोबांकडे बघून अशी मान डोलवली, की बघा हं, मी कशी हलत नाही ते! मानकोजीने मूठ चढवली, मिशीवरून बोट फिरवलं आणि पातं असं गरागरा फिरवलं की पुढच्या रांगेतली माणसं खाली वाकली.

सुभानजीने ते पातं पाहिलं, मग नातीचा तळहात पाहिला. एवढासा तळहात, लिंबूसुद्धा त्यावर मोठं दिसत होतं. आणि तो हात खरंच हलत नव्हता. आजोबांचा हात जवाच्या दाण्याएवढा सरकून लिंबू पात्याखाली नेऊ शकत होता. ही पोर हलणार नव्हती. आजोबांनीच तिला शिकवलं होतं की हलायचं नाही.

मानकोजीने पवित्रा घेतला.

"थांब! अरे थांब!" सुभानजी धावला तो खांद्याची कळ विसरून. तो नातीच्या पुढे जाऊन उभा राहिला. हलगी थांबली.

देशमुखीणबाईंनी भुवया उंचावल्या. "सुभानजी, हे काय? माणूस तुम्हीच नेमलात ना?"

"मीच नेमला, बाईसाहेब. म्हणूनच सांगतो, याला थांबवा."

सुभानजीने आपला उजवा तळहात वर करून सगळ्यांना दाखवला. "या जखमांवर तुम्ही हळहळलात. यातली एकही त्या माणसांनी केलेली नाही. पातं त्यांचं होतं, पण हात मी हलवला. माझ्याहून चांगला मला इथे बघवेना. तुळाजी पक्का होता. हैबती भ्याला नव्हता, त्याने माझी लाज राखली. आणि हा मानकोजी... याचं लिंबू मीच चिरून दिलं. माझ्या नातीच्या हाताला हात लावू देणार नाही मी याला. तुमच्या पोरांच्या हातांना मात्र लावू दिला. आता काय ती शिक्षा करा."

लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर सुभानजीला सोपं गेलं असतं. मानकोजीने मूठ गुपचूप काढून ठेवली. बायजाक्काने पदर तोंडाला लावला. सगुणा अजून लिंबू धरून उभीच होती. तिला काहीच कळलं नव्हतं. "आबा, आता माझं लिंबू कोण चिरणार?" ती म्हणाली.

"तिला उत्तर द्या," देशमुखीणबाई म्हणाल्या. "शिक्षेचं मग बघू."

सुभानजीने गर्दीवर नजर फिरवली. मागे, वडाच्या पाराजवळ, तोंडावर फेट्याचं टोक ओढून एक जण उभा होता. आपल्या तालमीचा दसरा, बघितल्याशिवाय त्याला कसं राहवेल? सुभानजीने हाक मारली, पण हाकेत जोर नव्हता. "हैबती, येतोस का रे? हक्काने नाही म्हणत."

हैबती आला. त्याने मूठ चढवली. मग सगुणेच्या हातावरचं लिंबू उचललं आणि सुभानजीपुढे धरलं. "पोरीचं मग चिरतो, वस्ताद. आधी तुमच्या हातावरचं राहिलंय."

सुभानजीने तळहात पुढे केला. पण तो हात आज थरथरत होता. मुद्दाम नव्हे. रडूच असं आलं होतं की आवरेना. गावाने ज्या हाताची शपथ घ्यावी, तो पानासारखा हलत होता. "नाही धरता येत रे," तो म्हणाला. "हलतोय."

"हलू द्या, वस्ताद," हैबती म्हणाला. "तुम्ही हललात तरी मी सांभाळून घेईन. मला शिकवलंय कुणी?"

पातं फिरलं. लिंबाच्या दोन फाका तळहातावर अलगद पडल्या. रक्त नाही, ओरखडा नाही. मग सगुणेच्या हातावर दुसरं लिंबू ठेवलं, तेही तसंच चिरलं, आणि देवीच्या पटांगणात अशी आरोळी उठली की पारावरचे कावळे उडाले. ती आरोळी हैबतीसाठी होती. सुभानजीनेही ओरडून पाहिलं. या वेळी शब्द घशात अडकला नाही.

तालीम राहिली. शिक्षा म्हणून सुभानजीचं वस्तादपण तेवढं गेलं. तो पुढे तालमीची माती चाळायला येत असे आणि हैबती त्याला रोज ओट्यावर बसायचा आग्रह करत असे. सगळं मात्र भरून आलं नाही. सुभानजी तुळाजीला शोधत घाटावर गेला. तुळाजी सापडला, पण बैल हाकताना. त्या दिवसानंतर त्याने पट्ट्याला हात लावला नव्हता. सुभानजीने पाय धरून सगळं खरं सांगितलं. तुळाजीने ते शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, "तुम्ही सांगता ते पटतंय हो वस्ताद. पण माझ्या हाताला आता ते पटत नाही." आणि तो बैलांकडे वळला.

तात्पर्य: आपल्याहून सरस माणसाला जो दाराबाहेर ठेवतो, तो आपली पोरं कच्च्या हातांत सोपवतो, आणि मत्सराने मोडलेला दुसऱ्याचा भरवसा नुसत्या पश्चात्तापाने सांधला जात नाही.